खाली पोट या

"खाली पोट? मग वर काय न्यायचं?"

मागून आवाज आला आणि हिमानीच्या हातातली चिकटपट्टी तिच्याच अंगठ्याला चिकटली. काशीतल्या रामघाटाच्या त्या अरुंद गल्लीत डिसेंबरचं धुकं इतकं दाटलं होतं, की आवाज आधी आला आणि माणूस मागाहून दिसला. निळा स्वेटर, गळ्याला मफलर, हातात दुधाची किटली... आणि नजर भिंतीवरच्या तिच्या कागदावर. कागद तिने स्वतः लिहिला होता. 'मराठी कुटुंबांसाठी मोफत तपासणी. रविवारी सकाळी पाठशाळेत खाली पोट या.'

"काय चुकलंय त्यात?" हिमानीने जरा तोऱ्यातच विचारलं.

"खाली म्हणजे रिकामं, ते हिंदीत. मराठीत खाली म्हणजे — खाली." त्याने बोट जमिनीकडे दाखवलं. "आमच्या बिंदुमाधवकाकांनी हे वाचलं, तर बिचारे पालथे पडून सरपटत येतील हो! सत्तरी उलटलीय त्यांची."

हिमानीला हसू फुटणार होतं. तिने ते कसंबसं गिळलं.

"आमच्या घरी असंच बोलतात," ती म्हणाली.

"घरी बोला की. भिंतीवर नको."

आता हिमानीचं घर म्हणजे रेल्वे कॉलनी. वडील भुसावळहून बदली होऊन इंजिन कारखान्यात आले ते काशीचेच झाले. घरात मराठी, दारात हिंदी, आणि उंबरठ्यावर दोन्हींची खिचडी. त्यात पुढे डॉक्टरकीची इंग्रजी पडली. पण आपलं मराठी असं कुणी भररस्त्यात तपासायला घेईल, हे काही तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मला परेशान नका करू. अजून दहा भिंती बाकी आहेत."

"परेशान नाही. हैराण."

"ते तरी कुठे मराठी आहे?"

तो इतका मनापासून हसला, की किटलीतलं दूध हिंदकळलं. "वेदांत," त्याने नाव सांगितलं. "इथल्या पाठशाळेत व्याकरण शिकवतो. आणि... शिकवायचं नसतं तिथेही शिकवतो. खोड आहे ती."

खोड नव्हे, रोगच होता तो. भाजीवाल्याची पाटी, लग्नाच्या पत्रिका, घाटावरच्या नावांचे फलक... वेदांतने दुरुस्त केलं नाही असं त्या मोहल्ल्यात काही उरलं नव्हतं.

"बरं मास्तर, मग 'उपाशी पोटी' लिहू?"

"छे! उपाशी काय? काका विचारतील, आमच्या घरात काय दाणा नाही की काय! त्यापेक्षा असं लिहा —" त्याने तिच्या हातातलं पेन घेतलंसुद्धा. 'खाली पोट या' वर एक सरळ रेघ मारली आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'उपास करून यावे.' "शुद्ध आणि सभ्य. शिवाय उपासाला आमच्यात कुणी नाही म्हणत नाही."

हिमानीला खरं तर राग यायला हवा होता. पण अक्षर इतकं देखणं होतं... आणि पेन परत देताना त्याची बोटं इतकी गार लागली, की ती रागवायचं विसरूनच गेली.

हिमानीचं संशोधन होतं मेटाबॉलिक सिंड्रोमवर. वेदांतने विचारलं तेव्हा तिने बोटांवर मोजून सांगितलं — कंबर, रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड नावाची रक्तातली चरबी आणि चांगलं कोलेस्टेरॉल. या पाचांपैकी तीन बिघडली, की पुढे मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका दारात आलाच समजा. घाटांवरच्या जुन्या मराठी घरांत हा धोका किती, ते तिला शोधायचं होतं. पूजा सांगायला बसलेली माणसं तासन् तास बसलेलीच असतात, आणि दक्षिणेबरोबर पेढेही येतात.

"म्हणजे आमच्या पोटावर तुमचा डोळा," वेदांत म्हणाला.

"तुमच्या म्हणजे सगळ्यांच्या."

"मी कुठे काय म्हटलं?"

त्या आठवड्यात ती घरोघरी माहिती घ्यायला आली, आणि दर वेळी वेदांत योगायोगाने गल्लीच्या तोंडाशीच सापडला. त्याच्यामुळे दारं उघडली, चहा मिळाला आणि बिंदुमाधवकाकांनी "मुलगी कुणाची?" हेही तीनदा विचारून झालं. एकदा काम आटोपल्यावर तो तिला चौखंब्याला मलइयो खायला घेऊन गेला. दवात ठेवलेल्या दुधाचा तो केशरी फेस जिभेवर येतो न येतो तोच नाहीसा होतो. हिमानीच्या वरच्या ओठाला फेस लागला होता. वेदांतने सांगावं की न सांगावं अशा घोळात स्वतःच्याच ओठाकडे बोट नेलं... आणि दोघंही भलतीकडेच बघू लागली.

"साखर किती असेल हो यात?" त्याने घाईघाईने विचारलं.

"आज डॉक्टरची सुट्टी आहे," ती म्हणाली.

रविवारी पाठशाळेच्या ओसरीत शिबिर भरलं. हिमानीला धास्ती होती. भुकेली माणसं, थंडी, त्यात सुया. कुरकुर होणार, एखाद्याला भोवळ येणार. पण कसलं काय! रक्त द्यायला आलेली इतकी आनंदी माणसं तिने जन्मात पाहिली नव्हती. "उपास आहे ना?" असं ती प्रत्येकाला विचारत होती आणि प्रत्येक जण अभिमानाने मान डोलवत होता. बिंदुमाधवकाका तर "कडक!" म्हणाले आणि त्यांनी समाधानाने पोटावरून हात फिरवला.

वेदांत सगळ्यांत शेवटी आला. सुई टोचताना त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. मग कंबर मोजायची वेळ आली. टेप त्याच्या पाठीमागून पुढे आणायला हिमानीला अगदी जवळ यावं लागलं. सकाळपासून तिने किती कंबरा मोजल्या होत्या, पण टेपचं टोक आत्ताच हातातून निसटत होतं.

"श्वास सोडा, मास्तर."

"सोडलाय की."

"आत ओढून धरलाय. अशाने कंबर लहान होत नसते."

"कंबरेसाठी कोण धरतंय?" तो अगदी हळू म्हणाला.

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. टेपवर ब्याण्णव सेंटिमीटर आले होते. पुरुषांना नव्वदीच्या आत हवेत. "दोन जास्त आहेत," ती कागदाकडे बघत म्हणाली.

"रिपोर्ट द्यायला तुम्हीच येणार ना?"

"नाही हो, मोबाइलवर पाठवतात."

"मग माझा मोबाइल बिघडलाय असं लिहा."

रिपोर्ट आले आणि हिमानीचं हसू मावळलं. मोहल्ल्यात जवळजवळ प्रत्येकाची साखर वाढलेली, ट्रायग्लिसराइड चढलेलं. तिचे सर मात्र खूश होते. "इतना ज़्यादा! एक ही समाज में! हिमानी, बड़ा पेपर बनेगा," असं म्हणत ते आकडे पुन्हा पुन्हा बघत होते. हिमानी एकच ओळ बघत होती. वेदांत, वय एकोणतीस. साखर एकशे एक्कावन्न. ट्रायग्लिसराइड दोनशे बत्तीस. आणि कंबर तर तिनेच मोजली होती. पाचांपैकी तीन!

मोबाइलवर पाठवणं तिला जमलं नाही. बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर तिने त्याला बोलावलं. दुपारचं कोवळं ऊन पडलं होतं आणि होड्या सुस्तावल्या होत्या. वेदांत नवा कुर्ता घालून आला होता. केसही विंचरले होते. ते पाहून तिला आणखीच भरून आलं.

तिने सांगितलं. त्याने आधी नेहमीप्रमाणे थट्टा केली. "पाचांत तीन म्हणजे साठ टक्के. माझी पोरं पस्तिसावर पास होतात हो." मग त्याने नदीकडे तोंड फिरवलं.

"बाबांना साखर होती," तो म्हणाला. "कुणाला ठाऊकच नव्हतं. पूजा सांगता सांगता पाटावरच कलंडले. बेचाळीस वय. मी अकरावीत होतो... आईचं त्यानंतरचं सगळं पाहिलंय मी. एकेक दिवस पाहिलाय."

"वेदांत, हा शेवटचा निकाल नाही. एका तपासणीवर काही ठरत नाही. पुन्हा रक्त बघू, मग —"

"आज तुम्हाला एक विचारणार होतो." तिच्याकडे न बघता तो उठला. "आता नाही विचारत. आईसारखं कुणाचं व्हावं, आणि तेही माझ्यापायी... नको. तुम्ही इकडे येत जाऊ नका, हिमानी."

पहिल्यांदाच त्याने तिला नावाने हाक मारली होती, आणि तीही जा म्हणण्यासाठी. हिमानीला त्याचा इतका राग आला, की रडूच फुटलं.

पुढे त्याने फोन उचलले नाहीत. हिमानी दवाखान्यात साखरेचे रोगी बघायची आणि प्रत्येकाला सांगायची, अहो, औषधं आहेत, चालणं आहे, माणसं छान जगतात यावर. मग हे त्या मास्तराला कोण सांगणार? एका संध्याकाळी ती सरळ रामघाटावर त्याच्या घरी जाऊन थडकली. नाही म्हणू दे लग्नाला, पण रक्त पुन्हा तपासल्याशिवाय सोडायचं नाही, असं तिने ठरवूनच टाकलं होतं.

वेदांत घाटावर गेला होता. त्याची आई, इंदूकाकू, देवापुढे वाती वळत बसल्या होत्या. मुलगा जेवत नाही, बोलत नाही, एवढंच त्यांना कळत होतं. कारण त्याने सांगितलं नव्हतं. हिमानीनेही सांगितलं नाही, ते तिच्या तोंडून त्यांना कळणं बरं नव्हतं.

"काकू, त्यांना उद्या सकाळी हॉस्पिटलमध्ये पाठवा. जबरदस्तीने पाठवा. रक्त पुन्हा द्यायचंय."

"पाठवते हो. मागच्यासारखंच उपास करून?"

"हो, उपास करूनच."

"मग आत्ताच साबुदाणा भिजत घालते," म्हणत इंदूकाकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "एकदम सांगितलं की तारांबळ उडते बघ."

हिमानीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"साबुदाणा... कशाला काकू?"

"अगं, उपास ना? शिबिराच्या दिवशीही पहाटे उठून खिचडी केली होती. तुपातली, चांगला मूठभर कूट घालून. वर रताळ्याचा गोड कीस. म्हटलं पोर रक्त द्यायला चाललंय, अंगात ताकद नको?"

"आणि ते खाऊन... ते आले?"

"दोनदा घेतली की त्याने! बिंदुमाधवभावजींकडे तर भगर, दाण्याची आमटी आणि बटाट्याचे पापड होते. सगळ्यांनी नेमाने केला हो उपास. तुझ्या कागदावर लिहिलंच होतं तसं."

हिमानी मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांपुढून अख्खं शिबिर सरकत गेलं. त्या डोलणाऱ्या माना, ते हसरे चेहरे, काकांचा पोटावरून फिरलेला हात. रक्तात साखर नव्हती, रताळं होतं! ती हसू लागली. हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि घाबरलेल्या इंदूकाकू तिच्या पाठीवरून हात फिरवत "अगं काय झालं बाई? मीठ जास्त पडलं होतं का?" असं विचारू लागल्या.

नेमका तेव्हाच वेदांत दारात आला. आई गोंधळलेली आणि हिमानी हसतेय की रडतेय काही कळत नाही, हे बघून तो जागच्या जागी थांबला.

"मास्तर," हिमानीने ओढणीने डोळे पुसले. "उपास या शब्दाचा अर्थ सांगा."

"काय?"

"सांगा ना. व्याकरण शिकवता ना तुम्ही? उपास म्हणजे काय?"

"उपास म्हणजे... अन्न वर्ज्य करून..." तो बोलता बोलता अडखळला. त्याची नजर आईच्या हातातल्या साबुदाण्याच्या डब्यावर गेली. तिथून हिमानीकडे, आणि पुन्हा डब्यावर. मग त्याने खाडकन कपाळाला हात मारून घेतला. "खिचडी! अरे देवा... मी दोनदा घेतली होती."

"मी 'खाली पोट' लिहिलं होतं! तेच बरोबर होतं!"

"पण तुम्ही डॉक्टर! तुम्हाला तरी कळायला नको?"

"कळायला हवं होतं," ती एकदम नरमली. "आमच्याकडे दर चतुर्थीला आई खिचडी करते आणि मी उपासाची वाट बघते. पण त्या दिवशी तुमचं अक्षर बघत बसले होते... माझीही गलती आहे."

"चूक," तो सवयीने म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

"आता कुणी मला सांगेल का," इंदूकाकू म्हणाल्या, "साबुदाणा भिजवू की नको?"

"नको!" दोघं एकदम ओरडली.

पण हसून झाल्यावर हिमानीचा जीव पुन्हा टांगणीला लागला. खिचडीने आकडे चढले असतील, हे खरं. पण खिचडीविना ते किती, हे अजून कुठे ठाऊक होतं? वडिलांचा वारसा खोटा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी वेदांत हॉस्पिटलमध्ये आला. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले, अगदी उपाशी. या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत. सुई आत जाईपर्यंत तो तिच्याकडेच बघत होता.

दुपारी रिपोर्ट आला. हिमानीने आधी एक डोळा उघडून पाहिला, मग दोन्ही. साखर चौऱ्याण्णव. ट्रायग्लिसराइड एकशे अडतीस. रक्तातलं सगळं हद्दीच्या आत! तिचा जीव भांड्यात पडला. प्रयोगशाळेतली माणसं बघत असताना तिने तो कागद चक्क छातीशी धरला.

मग ती सरांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. सर बराच वेळ डोक्याला हात लावून बसले. "साबूदाना..." ते दोनदा पुटपुटले. मग म्हणाले, "फिर से करो. पूरा मोहल्ला." त्यांचा मोठा पेपर गेला होता, पण खोटा पेपर निघण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं, हे त्यांनाही पटलं असावं. जाता जाता तिला त्यांच्या हसण्याचा आवाज ऐकू आला.

वेदांतला तिने फोनवर आकडे सांगितले. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"रडताय?"

"सर्दी झालीय."

"ऐका आता. कंबर अजून ब्याण्णवच आहे. आणि वडिलांचं लक्षात ठेवून दरवर्षी तपासायचं. रोज चालायचं, अगदी भोसले घाटापर्यंत."

"एकट्याने?"

"ते... तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला. पण पुढचा पाऊण तास तिला एकही काम सुचलं नाही.

दोन दिवसांनी नव्या शिबिराचे कागद लावायला ती रामघाटावर आली. तसंच धुकं होतं. गल्लीच्या वळणावर ती थांबली. भिंतीवर आधीच कागद लागलेला होता, पुढच्या भिंतीवरही, त्याच्या पुढच्या दारावरही. आणि त्या सगळ्यांच्या टोकाला निळा स्वेटर पाठमोरा उभा राहून शेवटच्या कागदाला चिकटपट्टी लावत होता. त्या सुरेख, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'रविवारी सकाळी पाठशाळेत खाली पोट या.'

ज्याने भाजीवाल्याची पाटीही सोडली नव्हती, त्याने अख्ख्या गल्लीत ही चूक स्वतःच्या हाताने लिहून लावली होती. हिमानी पाय न वाजवता त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"खाली पोट? मग वर काय न्यायचं?"

वेदांत दचकला, वळला, आणि चिकटपट्टी त्याच्या अंगठ्याला चिकटली.

"आमच्या घरी असंच बोलतात," तो म्हणाला.

"कुणाच्या घरी?"

त्याने अंगठ्याची चिकटपट्टी सोडवायचा प्रयत्न केला. ती दुसऱ्या अंगठ्याला चिकटली.

"आपल्या," तो म्हणाला. "म्हणजे... तू हो म्हणालीस तर. तिथे तू परेशान हो, गलती कर, जे बोलशील ते शुद्ध. त्या दिवशी घाटावर हेच विचारणार होतो... नवा कुर्ता त्यासाठीच होता."

वर कुठेतरी देवळात घंटा वाजली. हिमानीने त्याच्याकडे पाहिलं — ताठ उभा, खांदे वर, छाती फुगलेली, दोन्ही अंगठे एकमेकांना चिकटलेले. मग तिने पुढे होऊन अलगद ती चिकटपट्टी सोडवली.

"हो," ती म्हणाली. "आता श्वास सोड, मास्तर."